तिघंही ‘कोटिंग’च म्हणतात, मग भावात पाचपट फरक कसा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी भलत्याच गोष्टीचं उत्तर देत नाही ना, हे तुम्हाला ताडून बघता येईल.

परभणी जिल्ह्यातलं गाव. विटांच्या भिंतींवर टाकलेला २००४ सालचा स्लॅब, गच्ची ११०० फूट. चार पावसाळे झाले, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आणि मागच्या खोलीत ओल येते. मागच्या खोलीत छताचा गिलावा पडून दोन सळया उघड्या पडल्यात. तीन ठेकेदारांनी भाव दिले. पहिल्याच्या कागदावर ‘टेरेस कोटिंग, २ कोट, २२ रुपये फूट’. दुसऱ्याच्या ‘केमिकल कोटिंग जाळीसहित, ४८ रुपये’. तिसऱ्याच्या ‘कोबा कोटिंग, ११० रुपये’. वर तुमच्या भाच्यानं, जो इंजिनिअरिंग शिकतोय, सांगितलं की "मामा, आधी सळयांना कोटिंग करा, कव्हर गेलंय." तुम्ही विचारताय, कोटिंग एकच असेल तर भाव २२ ते ११० कसा, आणि खरं कोण बोलतंय?

माझ्या मते चौघंही खरं बोलतायत. फक्त चौघं चार वेगळ्या वस्तू सांगतायत आणि चौघांनी नाव एकच ठेवलंय. गेली पंचवीस वर्षं मी लातूर, परभणी, नांदेड या पट्ट्यात गळक्या गच्च्यांची कामं करतो. भांडणाची सुरुवात बहुतेक वेळा या एका शब्दापाशीच होते. काम संपल्यावर मालक म्हणतो, "कोटिंग केलंच नाही." ठेकेदार म्हणतो, "कागदावर लिहिल्याप्रमाणे दोन कोट मारलेत." आणि कागद बघितला तर दोघंही बरोबर असतात.

आपल्या आज्यांच्या बोलीत ही अडचण नव्हती. जमिनीला सारवण, कुडाला लिंपण, भिंतीला पोतेरा, दगडाला गिलावा, त्यावर नीरू, तांब्याच्या भांड्याला कल्हई, दागिन्याला मुलामा, पत्र्याला जस्त, गच्चीला कोबा. शब्द उच्चारला की कशाचा थर आणि कशावर, दोन्ही कळायचं. ‘कल्हई केली’ म्हटल्यावर कथिलच आलं, कुणी भांड्याला चुना फासून पैसे मागू शकत नव्हता. आता या सगळ्या शब्दांच्या जागी एकटा ‘कोटिंग’ बसलाय. तो सांगतो इतकंच की कशावर तरी काहीतरी लावलंय. काय लावलं, किती जाड, कशासाठी, यातलं काहीच त्या शब्दात नाही.

धंद्याधंद्यात तो किती वेगळा वागतो बघा. वाळूजच्या कारखान्यांत पावडर कोटिंग म्हणजे विजेच्या भारानं पत्र्यावर चिकटवलेली भुकटी, भट्टीत साधारण १८० ते २०० अंशांना भाजलेली, जाडी ६० ते ८० मायक्रॉन (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर). तेवढीच हवी, कपाटाला जास्त लावली तर उलट कडांना गोळा होते. गवंड्याचा पहिला कोट म्हणजे बारा-पंधरा मिलिमीटर गिलावा, म्हणजे पावडर कोटिंगच्या जवळपास दोनशेपट. रंगाऱ्याचा कोट म्हणजे हात. ‘दोन कोट’ म्हणजे ब्रश दोनदा फिरला, बाकी काही नाही. आणि रस्त्याच्या कामात तर आणखी गंमत आहे. खडीवर जो प्राइम कोट मारतात तो झाकायला नसतोच, खडीत मुरायला असतो. टॅक कोट असतो खालचा डांबरी थर वरच्याला चिकटवायला. सील कोट वरची छिद्रं बुजवायला. तिन्हींत डांबरच असतं आणि तिन्ही काळेच दिसतात, पण कामं तीन. माझा एक जुना मुकादम रस्त्यावरून गच्चीच्या कामावर आला होता. प्रायमर मारून झाल्यावर तो "साहेब, कोट झाला की, आता काय राह्यलं?" म्हणून बादल्या धुवायला निघाला होता. त्याच्या हिशेबानं तो बरोबर होता. पण गच्चीवर प्रायमर म्हणजे नुसती गोंदाची तयारी, पाणी अडवायचा थर त्याच्यावर यायचाच होता.

आता तुमचे तीन कागद. मी गच्ची पाहिलेली नाही, तेव्हा भावावरून आणि शब्दांवरून बांधलेला हा अंदाज आहे.

२२ रुपयांचं ‘टेरेस कोटिंग’ म्हणजे बादलीतला अॅक्रिलिक रंग, बहुधा पांढरा, उन्हाला परतवणारा. ४८ रुपयांचं ‘केमिकल’ म्हणजे सिमेंटची भुकटी आणि पॉलिमरचं ‘दूध’ (दुधासारखा पांढरा, चिकट द्रव) एकत्र कालवून मारतात ते, मध्ये फायबरची जाळी. ‘केमिकल’ या शब्दालाही तसा काही अर्थ नाही, पाणीसुद्धा केमिकलच आहे, पण आपल्याकडे सिमेंट सोडून बाटलीतून येणाऱ्या सगळ्याला केमिकल म्हणायची पद्धत पडलीय. ११० रुपयांचं काम म्हणजे विटांचे तुकडे मसाल्यात बसवून उतार काढलेला कोबा, वरून सिमेंटचा गुळगुळीत हात आणि दोरीनं पाडलेले चौकोन. त्याला कोटिंग म्हणणं म्हणजे गोधडीला रुमाल म्हणण्यासारखं आहे, पण हल्ली कागदावर तसं लिहितात खरं.

पहिल्या कागदावर जरा जास्त वेळ घालवतो, कारण फसगत तिथंच होते.

तुमची ११०० फूट गच्ची म्हणजे साधारण १०२ चौरस मीटर. एक लिटर रंग एक चौरस मीटरवर सारखा पसरला तर ओला थर बरोबर एक मिलिमीटर, म्हणजे १००० मायक्रॉन होतो. हे शाळेचं गणित आहे, कंपनीच्या पत्रकाची गरज नाही. आता २० लिटरची एक बादली १०२ चौरस मीटरवर पसरा. ओला थर येतो साधारण १९६ मायक्रॉन, धरा २००. पण बादलीत सगळंच टिकणारं नसतं, पाणी उडून जातं. समजा आकारमानानं निम्मा भाग घट्ट आहे, तर वाळल्यावर उरले १०० मायक्रॉन. म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग, डोक्याच्या जाडसर केसाएवढा. वाळूजच्या कपाटाला हे भरपूर झालं असतं. पण तुमच्या गच्चीवर एप्रिल-मेचं ४२-४३ अंशांचं ऊन पडतं, वाळवणं पडतात, मिरच्या वाळतात, लेकरं पतंग उडवतात, कूलरचं लोखंडी स्टँड सरकतं. तिथं केसाएवढा थर किती दिवस राहणार?

अर्धा मिलिमीटर वाळलेला थर हवा असेल तर तुमच्या गच्चीला त्याच रंगाच्या पाच बादल्या लागतील. एक मिलिमीटर हवा असेल तर दहा. २२ रुपयांत पाच बादल्या बसत नाहीत, हे ठेकेदारालाही माहीत असतं. म्हणून तो ‘२ कोट’ लिहितो. एक बादली दोन वेळा फिरवली तरी दोन कोटच झाले! त्यात पाच लिटर पाणी घालून बादली वाढवली तर ओला थर जाड दिसतो, ब्रश हलका चालतो, मालक खूश. वाळल्यावर उरतं तेवढंच. घट्ट भाग पाण्यानं वाढत नाही.

म्हणून मी कधीही ‘किती कोट’ विचारत नाही. ‘वाळल्यावर किती मायक्रॉन, आणि त्यासाठी माझ्या गच्चीला किती बादल्या’ एवढं विचारतो. काम चालू असताना रिकाम्या बादल्या एका कोपऱ्यात ठेवायला सांगतो, फेकू देत नाही. संध्याकाळी मोजायच्या. यापेक्षा सोपी तपासणी मला अजून सापडलेली नाही.

तरीही पहिला माणूस चोर आहे असं मी म्हणणार नाही. उन्हाला परतवणारा पांढरा रंग हा चांगला माल आहे, पण तो घर थंड ठेवायला. खालची खोली कमी तापते, स्लॅबचं ताणणं-आकसणं कमी होतं, त्यामुळं भेगाही कमी वाढतात. पाणी अडवणं हे त्याचं मुख्य काम नव्हे. अॅक्रिलिकला तुंबलेलं पाणी सोसत नाही. चार दिवस डबकं राहिलं की तो मऊ पडतो आणि साबुदाण्याच्या पापडासारखा उचलतो. तुमच्या गच्चीवर पाणी तुंबतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावर आहे.

दुसरा कागद. पॉलिमर-सिमेंटचं काम आपल्या भागातल्या साध्या घराला बऱ्यापैकी मानवतं, कारण ते सिमेंटच्याच जातीचं आहे, स्लॅबशी भांडत नाही. ते ओलसर स्लॅबवर मारायचं असतं. स्लॅब आधी पाणी पिऊन तृप्त, पण वर पाणी उभं नको. कोरड्या तापलेल्या स्लॅबवर दुपारी बारा वाजता मारलं तर स्लॅब त्यातलं पाणी शोषून घेतो आणि थराची भुकटी होते. याच्या बरोबर उलट पीयूचं, म्हणजे पॉलियुरेथेन नावाच्या रबरासारख्या थराचं. त्याला स्लॅब आतून कोरडा लागतो. दोन्हींना लोक ‘केमिकल कोटिंग’च म्हणतात, आणि एकाचे नियम दुसऱ्याला लावून मोकळे होतात.

ही चूक मी स्वतः केलीय, म्हणून सांगतो. एका मंगल कार्यालयाची गच्ची होती. जूनचा पहिला आठवडा, वळवाची सर येऊन गेलेली, पंधरा दिवसांवर मालकाच्या घरचं लग्न. स्लॅब वरून पांढरा, कोरडा ठणठणीत दिसत होता. मी हात लावून पाहिला आणि पीयू मारायला सांगितलं. आठ दिवसांनी मालकाचा फोन: "या आणि बघा." गच्चीवर भाकरीएवढे फुगे आले होते, टम्म. एकावर अंगठा दाबला तर थर फाटून आतून कोमट पाण्याची चिळकांडी उडाली. स्लॅबच्या पोटातलं पाणी उन्हानं वाफ होऊन वर येत होतं आणि मी त्याच्यावर झाकण घातलं होतं. सगळं खरवडून पुन्हा केलं, माझ्या खिशातून. तेव्हापासून मी दोन फूट बाय दोन फूट प्लॅस्टिकचा कागद कडा टेपनं चिकटवून रात्रभर स्लॅबवर ठेवतो. सकाळी आतून दंव धरलं असेल किंवा खालचा स्लॅब काळसर पडला असेल तर त्या दिवशी पीयूचा डबा उघडत नाही. पाच रुपयांचा कागद आहे.

थर कशावर बसतो याचं महत्त्व आपल्या भागात नवीन नाही. अजिंठ्याला गेलात तर चित्रांचे रंग बघून झाल्यावर जिथं गिलावा पडलाय तिथं जरा थांबा. खालचा कातळ गुळगुळीत केलेला नाही, छिन्नीचे घाव तसेच ठेवलेत. त्या खडबडीत अंगावर माती, भाताचं तूस, काडीकचरा मिसळून केलेला गिलावा धरला, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग चित्र. आमचे गवंडी गुळगुळीत काँक्रीटला टाचे मारतात ते याच कारणानं. तुमच्या स्लॅबवर वीस वर्षांत सिमेंटच्या पाण्याचे किती हात मारलेत? गावाकडं दर दोन वर्षांनी कुणीतरी मारतंच. ते सगळे पापुद्रे तारेच्या ब्रशनं किंवा ग्राइंडरनं निघाल्याशिवाय नवीन काहीही लावलं तरी ते स्लॅबला चिकटणार नाही, त्या पापुद्र्याला चिकटेल. आणि पापुद्रा सुटला की त्याच्यासोबत तुमचे ४८ रुपयेही जातील.

आता तिसरा, कोबा. हा मला मनापासून आवडतो. उतार नीट काढला तर पाणी थांबतच नाही, आणि थांबलं नाही तर मुरेल कुठून? माझ्या वडिलांच्या काळातले कोबे अजून टिकलेले मी पाहिलेत. पण त्याचं वजन बघा. कडेला कमी, मध्ये जास्त धरून सरासरी चार इंच, म्हणजे १०० मिलिमीटर. चौरस मीटरला १८० ते २०० किलो. तुमच्या गच्चीवर एकूण एकोणीस-वीस टन, म्हणजे नऊ-दहा टनांचे दोन भरलेले ट्रक कायमचे वर उभे. गच्चीवर माणसांचा वावर असेल तर डिझाइनमध्ये चौरस मीटरला साधारण १५० किलोचा भार धरायची रीत आहे. कोबा एकटाच त्याहून जड. शहरात इंजिनिअरनं काढलेल्या स्लॅबमध्ये कोब्याचं वजन आधीच धरलेलं असतं. गावात २००४ साली मिस्त्रीनं अंदाजानं टाकलेल्या, आणि आता सळया उघड्या पडलेल्या स्लॅबमध्ये ते धरलंय का, हे छताखाली उभं राहून कुणी सांगू शकणार नाही.

वजनाबद्दल मी घाबरट आहे, आणि त्याला कारण आहे. माळवद तुम्ही पाहिलं असेल. लाकडाच्या तुळया, त्यावर फळ्या, त्यावर पांढरी माती. पावसाळ्याच्या तोंडावर दरसाल थोडी पांढरी वर टाकायची, धुमसानं ठोकायची, पन्हाळीकडं उतार द्यायचा. तोही एक थरच, उन्हाळ्यात घर गार ठेवणारा आणि पाणी न मुरू देणारा, अतिशय हुशारीचा. पण दरसालची माती खाली कोण उतरवणार? बापानं टाकलेल्या थरावर पोरानं टाकली, काही घरांत दीड-दोन फुटांपर्यंत गेली. एक फूट माती म्हणजे चौरस मीटरला जवळपास पाचशे किलो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मातीत रचलेल्या दगडी भिंती फुटल्या आणि वरची ती माती झोपलेल्या माणसांवर आली. मी तेव्हा लातूरला पॉलिटेक्निकला होतो. नंतर कित्येक दिवस ढिगारे उपसताना तुळया आणि माती कशी एकावर एक बसलीय हे पाहिलं. त्यामुळं कुणी ‘जुन्यावरच अजून एक थर टाकू’ म्हणालं की मी आधी विचारतो, खालचा निघणार आहे का?

तुमच्या भाच्याचं ‘कोटिंग’ आणि ‘कव्हर’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्यानं दोन्ही बरोबर वापरल्यात. कव्हर म्हणजे सळईखालचं काँक्रीट, स्लॅबला साध्या हवामानात किमान २० मिलिमीटर. सळईभोवतीचं चांगलं काँक्रीट तिला गंजू देत नाही, म्हणून ते कव्हर. स्लॅब टाकताना सळईखाली कव्हर ब्लॉक ठेवले नाहीत, सळया फळ्यांवर टेकल्या, की कव्हर पाच मिलिमीटरसुद्धा उरत नाही. मग पाणी आणि हवा पोचते, सळई गंजते, गंज सळईपेक्षा जास्त जागा मागतो, आणि काँक्रीट खालून ढकलून पाडतो. तुमच्या मागच्या खोलीत नुसता गिलावा पडलेला नाही, काँक्रीटचं कव्हरही पडलंय असं मला वाटतं. सळया उघड्या दिसतात म्हणालात ना? मग तेच.

तिथं ‘सळईचं कोटिंग’ म्हणजे गंज तारेच्या ब्रशनं पूर्ण काढून, सळई पांढरी चकचकीत झाल्यावर लावायचा गंजरोधक हात. त्यानंतर पॉलिमर घातलेल्या मसाल्यानं कव्हर परत उभं करायचं. गंजावरच रंग मारून वरून साधा गिलावा थापला तर दोन वर्षांत पुन्हा पडेल, या वेळी जास्त मोठा तुकडा. आणि सळई गंजून बारीक झाली असेल, समजा आठ मिलिमीटरची सहाच उरली असेल, तर तिला कोटिंग करून काही होत नाही. शेजारी नवी सळई घालावी लागेल. हे मात्र इंजिनिअरला घरी बोलावून, कॅलिपर (जाडी मोजायचं साधन) लावून ठरवायचं. भाच्याला कॉलेज सुटल्यावर त्याच्या सरांना विचारायला सांगा.

आतापर्यंतचं थोडक्यात: पहिला माणूस ऊन परतवणारा रंग देतोय, दुसरा पाणी अडवणारा थर, तिसरा उतार आणि पाणी अडवणं एकत्र पण जड, आणि भाचा स्लॅबची दुरुस्ती सांगतोय. माझ्या क्रमात भाच्याचं काम आधी येतं. सळया फुगत असताना वरून कितीही महागाचं लावलं तरी खालचं थांबणार नाही.

त्यानंतर ओल नक्की कुठून येते ते शोधायचं. तुम्ही गच्ची गळते म्हणताय, पण स्वयंपाकघराचा कोपरा म्हटल्यावर माझं लक्ष आधी कठड्याकडं जातं. कठडा आणि स्लॅबच्या जोडावर वाटा काढलाय का? वाटा म्हणजे त्या कोपऱ्यात मसाल्यानं दिलेला गोल उतार. नसेल तर पाणी त्या काटकोनात बसतं आणि भिंतीत शिरतं. दुसरं, सिंटेक्सची टाकी कुठं बसवलीय? टाकीच्या पाइपाभोवतीचं छिद्र बुजवलेलं नसलं तर उन्हाळ्यातही ओल दिसते. तुमची ओल पावसाळ्यातच येते की वर्षभर असते? बोअरच्या खाऱ्या पाण्यानं पांढरा लोणा आला असेल तर टाकीवर संशय जास्त.

खात्री करायची तर वर पाणी भरून ठेवावं लागतं. गच्चीचं पाणी जायच्या जाळ्या कापडानं बंद करून दोन इंच पाणी, दोन दिवस. तुमच्या गच्चीला त्यासाठी साधारण पाच हजार लिटर, म्हणजे एक टँकर. मराठवाड्यात हे बोलायलाही लाज वाटते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं, तेव्हा मी ही चाचणी सांगायचंच बंद केलं होतं. आताही मी आधी कठड्याजवळ चार-चार फुटांचे तुकडे मातीचे बांध घालून भरतो. वीस-तीस घागरी पुरतात, आणि ओल कुठल्या तुकड्याची ते कळतं. स्लॅब आधीच सळया उघड्या पडलेला असेल तर मात्र सगळीकडं पाणी भरू नका, तेही वजनच आहे.

भेगांचं वेगळं आहे. स्लॅब उन्हानं ताणतो. दहा मीटर लांबीचं काँक्रीट तीस अंशांनी तापलं तर साधारण तीन मिलिमीटर वाढतं, आणि रोहिणी-मृगाची पहिली सर तापलेल्या स्लॅबवर पडली की ते एका झटक्यात आकसतं. म्हणून मेमध्ये न दिसलेली भेग जूनमध्ये दिसते. अशी केसासारखी भेग पॉलिमर-सिमेंट आणि जाळी झेलतात, थोडी रुंद असेल तर आधी व्ही आकारात खोदून लवचीक मसाल्यानं भरायची. पण तुमचं घर काळ्या मातीवर असेल आणि भिंतीत उन्हाळ्यात उघडणारी, पावसाळ्यात मिटणारी भेग असेल, तर ती पायाची हालचाल आहे. त्या भेगेवरून जाणारा कुठलाही थर दर वर्षी तुटणार. पेन्सिलीनं भेगेच्या दोन्ही बाजूंना खुणा करा, अंतर मोजा, तारीख लिहा आणि सहा महिन्यांनी परत मोजा. तेवढा धीर असेल तर भरपूर पैसे वाचतील.

माझा कौल विचाराल तर, गच्ची न बघता: खालून सळया आणि कव्हर दुरुस्त, वरून जुने पापुद्रे काढून भेगा भरणं, सगळीकडं वाटा, आणि मग दुसऱ्या माणसाचं पॉलिमर-सिमेंट जाळीसकट. पाणी तुंबत असेल तर फक्त तुंबणाऱ्या जागी हलका उतार, पूर्ण गच्चीवर कोबा नको. पुढच्या उन्हाळ्यात ऐपत असेल तर त्यावर पांढरा रंग, म्हणजे पहिल्या माणसालाही काम मिळेल. इंजिनिअरनं स्लॅब बघून ‘वजन झेलेल’ असं लिहून दिलं आणि गच्चीला उतारच नसला, तर मग तिसऱ्याचा कोबा, आणि तो कोबा नव्यानं बसवताना खालचं सगळं काढूनच.

दुसऱ्या ठेकेदाराला कागद परत द्या आणि ‘केमिकल कोटिंग’ खोडून त्याच्याच हातानं लिहून घ्या: मालाचं पूर्ण नाव, एकूण किती किलो भुकटी आणि किती लिटर दूध लागणार, वाळल्यावर थर किती मिलिमीटर, जाळी कुठं कुठं, वाट्याचं काम भावात आहे का, आणि जुना पापुद्रा कोण काढणार. भाव फुटानं आहे की ब्रासनं, तेही. ११ ब्रास आणि ११०० फूट एकच, पण वाट्याची लांबी त्यात धरली की वेगळी, यावरून मी भांडणं पाहिलीत. तो लिहायला तयार नसेल तर तिसऱ्याकडं जायच्या आधी चौथा शोधा. आणि हे सगळं मेच्या तिसऱ्या आठवड्याआधी उरका, कारण या थरालाही मुरायला काही दिवस द्यावे लागतात, आणि मृग तुमच्या गवंड्याची वाट बघत नाही.